मोजून मान्य केलेली गळती

उकळत्या पाण्याच्या अणुभट्टीतून टर्बाइनकडे वाफ नेणारे चार जाड नळ असतात. प्रत्येक नळावर दोन झडपा: एक अणुभट्टीभोवतीच्या कवचाच्या आत, दुसरी त्याच्या भिंतीलगत बाहेर. नळ फुटला किंवा गाभ्यात काही बिनसले, तर या आठही झडपा तीन ते पाच सेकंदांत मिटल्या पाहिजेत. मिटल्यानंतरही त्यांतून किती वायू झिरपलेला चालेल, याचा एक आकडा अमेरिकेतल्या अशा अनेक केंद्रांच्या परवान्यात लिहिलेला असे. दर झडपेमागे तासाला ११.५ घनफूट, म्हणजे जवळपास सव्वातीनशे लिटर.

हा आकडा शून्य नाही, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खटकते, आणि खटकावेच. पण धातूवर धातू टेकवून मिटणारी एवढी मोठी झडप पूर्ण हवाबंद होत नाही. त्यामुळे नियामकाला ‘गळते का’ हा प्रश्न पडत नाही. किती गळते, ते कशावरून सांगता आणि शेवटचे कधी मोजले, हे तो विचारतो. हे पुस्तक अशा चाचण्यांना मिळालेल्या सवलतींचे आहे. अमुक चाचणी या वर्षी न करता पुढच्या वर्षी करू, ठरल्यापेक्षा कमी दाबाने करू, अमुक झडपेची गळती एकूण बेरजेत धरू नका, अशा मागण्या आणि त्यांवरचे निर्णय. विषय रुक्ष आहे असे वाटेल. मला मात्र या कागदांनीच चाचण्यांचा अर्थ समजावला. नियम ‘हे करा’ म्हणतो आणि थांबतो. तो कशासाठी केला, हे नियामकाला सविस्तर लिहावे लागते ते कोणी तो न पाळण्याची परवानगी मागितल्यावरच.

मुळात गळतीची मर्यादा ठरते कशी? ती कारखान्यात ठरत नाही, कुंपणापाशी ठरते. १९६२ साली अमेरिकेच्या तत्कालीन अणुऊर्जा आयोगाने एक भीषण अपघात गृहीत धरला. गाभा वितळला, त्यातले सगळे निष्क्रिय वायू आणि निम्मे आयोडीन कवचात आले, त्या आयोडीनपैकी निम्मे भिंतींना चिकटले, उरलेले बाहेर पडू शकते. आता केंद्राच्या हद्दीवर एक माणूस दोन तास उभा आहे अशी कल्पना करायची. त्याच्या सर्वांगाला २५ रेम आणि थायरॉइड ग्रंथीला ३०० रेम यांपेक्षा जास्त किरणोत्साराची मात्रा (रेम हे तिचे एकक) मिळता कामा नये. या माणसापासून उलटे गणित करत आत यायचे, म्हणजे कवचाला किती गळायची मुभा आहे ते कळते. दाबयुक्त पाण्याच्या अणुभट्ट्यांच्या मोठ्या कवचांसाठी ही मुभा बहुधा दिवसाला आतल्या हवेच्या वजनाच्या ०.१ टक्क्याच्या आसपास असते. ती प्रत्यक्षात पाळली जाते की नाही हे तपासण्याचे नियम १९७३ मध्ये अमेरिकी संघीय नियमावलीच्या ‘परिशिष्ट जे’मध्ये आले.

त्यात तीन जातींच्या चाचण्या आहेत. ‘ए’ म्हणजे अख्ख्या कवचाची. कॉम्प्रेसर लावून कवचात हवा भरायची, अपघातात जेवढा दाब अपेक्षित आहे तेवढा आणायचा, आणि मग तासन् तास दाब, तापमान व आर्द्रता टिपत बसायचे. ‘बी’ म्हणजे दारे, झाकणे, विजेच्या तारा भिंतीतून जातात ती भोके आणि त्यांची सीले. ‘सी’ म्हणजे कवचाच्या भिंतीतून आरपार जाणाऱ्या नळांवरच्या झडपा, एकेक करून. ‘बी’ आणि ‘सी’ची सगळी गळती मिळून एकूण मर्यादेच्या ६० टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे. झडपांची चाचणी इंधन बदलण्याच्या प्रत्येक बंदीत करायची, आणि कोणत्याही परिस्थितीत दोन चाचण्यांमध्ये दोन वर्षांहून जास्त अंतर पडता कामा नये.

पहिली पेचाची जागा या शेवटच्या वाक्यात होती. नियम लिहिला गेला तेव्हा केंद्रे साधारण वर्षाला एकदा इंधन बदलत. पुढे इंधन सुधारले, बंदीमधले अंतर १८ महिन्यांवर आणि मग काही केंद्रांत २४ महिन्यांवर गेले. मध्येच एखादी लांबलेली दुरुस्ती आली की दोन वर्षांची मुदत संपे आणि इंधन मात्र शिल्लक असे. चालू अणुभट्टीत या झडपांपैकी बऱ्याच मिटून तपासता येत नाहीत. म्हणजे केवळ चाचणीसाठी केंद्र थंड करायचे, माणसे कवचात पाठवायची, त्यांनी किरणोत्साराची मात्रा घ्यायची आणि पुन्हा भट्टी पेटवायची. प्रत्येक बंद-चालूत केंद्रालाही झटके बसतात. अशा वेळी कंपन्या अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाकडे एकदाच्या सवलतीसाठी अर्ज करीत.

‘परिशिष्ट जे’ संघीय नियमावलीच्या ज्या ५० व्या भागाला जोडलेले आहे, त्याच भागातल्या १२ व्या कलमाने सवलत देण्याचा अधिकार आयोगाला दिला आहे. कायद्याची आडकाठी नसावी, लोकांच्या आरोग्याला अवाजवी धोका नसावा, देशाच्या संरक्षणाला बाध येऊ नये, आणि याखेरीज काही ‘विशेष परिस्थिती’ असावी. ही विशेष परिस्थिती कोणती, हेही कलमात सांगितले आहे. त्यातले दोन आधार मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. एक, या ठिकाणी नियम लावल्याने नियमाचाच मूळ हेतू साधत नाही, किंवा तो साधण्यासाठी नियमाची गरज नाही. दुसरा, नियम पाळण्याचा त्रास किंवा खर्च नियम करताना धरला होता त्यापेक्षा फारच जास्त आहे. पहिला आधार पदार्थविज्ञानाचा आहे, दुसरा सोयीचा. दोन्ही कायदेशीर आहेत, पण माझ्या लेखी दोन्हींचे वजन सारखे नाही.

एक वेगळी वाटही इथेच सांगायला हवी, कारण या कागदांत तिची सतत गल्लत होते. वाफेचा दाब वाढला की आपोआप उघडणारे सेफ्टी व्हॉल्व्ह कधी व कसे तपासायचे, हे नियामक स्वतः लिहीत नाही. अमेरिकी यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेची संहिता तो कायद्यात सामील करून घेतो. त्या संहितेनुसार अणुभट्टीच्या मुख्य दाबकक्षेवरचा प्रत्येक सेफ्टी व्हॉल्व्ह पाच वर्षांतून एकदा तरी तपासला जातो: ठरल्या दाबाला उघडतो का, बसल्यावर सीटवरून गळतो का. त्यात बदल हवा असेल तर १२ व्या कलमाची सवलत नव्हे, ‘५५ ए’ कलमाखाली पर्यायी पद्धतीची मंजुरी मागतात. तिथेही दोनच दरवाजे आहेत. आमचा पर्याय तेवढाच सुरक्षित आहे, किंवा नियम पाळण्याचा त्रास मोठा असून त्याने सुरक्षितता वाढत नाही.

आता पुन्हा त्या वाफेच्या झडपांकडे, कारण पदार्थविज्ञानावर उभी असलेली सवलत कशी असते याचा त्यांच्याइतका चांगला नमुना मला सापडला नाही. नळावरच्या दोन झडपा तपासण्याची सोपी रीत म्हणजे दोघींच्या मधल्या जागेत हवा भरायची आणि दाब किती टिकतो ते पाहायचे. बाहेरच्या झडपेला ही हवा आतल्या बाजूने, म्हणजे अपघातात येईल त्याच दिशेने ढकलते. आतल्या झडपेला मात्र ती उलट दिशेने ढकलते. या झडपेची रचनाच अशी की अणुभट्टीकडचा दाब तिची तबकडी सीटवर घट्ट बसवतो. आतल्या वाऱ्याने आपसूक लागणारे दार बाहेरून धक्का देऊन पारखावे, तसा हा प्रकार होतो. पूर्ण अपघाती दाबाने चाचणी घेतली तर तबकडी सीटवरून उचलली जाते आणि जी गळती मोजली जाते ती अपघातात कधीच होणार नसते. म्हणून अनेक केंद्रांना कमी दाबाने, चौरस इंचाला साधारण २५ पौंडांनी, चाचणी करण्याची सवलत मिळाली. कवचाच्या अपेक्षित दाबापेक्षा हे बरेच कमी आहे. तरीही हा दाब उलट दिशेने असल्यामुळे आतल्या झडपेवर चाचणी सौम्य होत नाही. नियमाचे अक्षर सोडून त्याचा हेतू इथे जास्त नीट पाळला गेला.

पण याच झडपांची दुसरी कथा इतकी सरळ नाही. १९७० आणि ८० च्या दशकांत त्या अनेकदा ११.५ घनफुटांच्या मर्यादेत बसत नव्हत्या. बंदीत तपासल्या की काही झडपा मर्यादेच्या कितीतरी पट गळताना आढळत. मग सीट घासायची, पुन्हा तपासायचे, पुन्हा घासायचे. या सगळ्यात कामगारांना मात्रा मिळे आणि झडपही झिजे. झिरपलेला वायू ओढून घेऊन गाळण्यासाठी काही केंद्रांत खास यंत्रणा बसवली होती. तिची क्षमता इतकी बेताची होती की झडप खरोखरच मर्यादेबाहेर गळली असती तर ती निरुपयोगी ठरली असती. नियामकाने हा प्रश्न आपल्या सर्वसाधारण सुरक्षा-प्रश्नांच्या यादीत घेतला होता. अशी केंद्रे चालवणाऱ्या कंपन्यांच्या गटाने वेगळी वाट सुचवली. ही यंत्रणा काढून टाका, मर्यादा दर झडपेमागे १०० घनफुटांपर्यंत वाढवा, आणि झिरपलेला वायू मुख्य वाफनळांतून व निचऱ्याच्या नळांतून टर्बाइनखालच्या कंडेन्सरमध्ये जाऊ द्या. तिथे प्रचंड पृष्ठभाग आहे. आयोडीन त्याला चिकटेल आणि बाहेर पडायला इतका वेळ लागेल की बराच किरणोत्सार वाटेतच विझेल.

मर्यादा जवळपास नऊपट! वर्तमानपत्राचा मथळा व्हायला एवढे पुरे आहे. मथळा खोटाही नसता. तरीही ही सवलत मला पटते, एका अटीवर. तिने ओझे हलके केलेले नाही, दुसरीकडे सरकवले आहे. आता झडपेची सीट जितकी महत्त्वाची, तितकीच टर्बाइनच्या इमारतीतली ती नळवाट आणि कंडेन्सर महत्त्वाचा. ही उपकरणे भूकंपात टिकून राहण्याच्या हिशेबाने मुळात बांधलेलीच नव्हती. त्यामुळे कंपन्यांना नळांच्या बाजूने चालत जाऊन प्रत्येक आधार, प्रत्येक बोल्ट तपासावा लागला, आणि पूर्वीच्या भूकंपांत इतर वीजकेंद्रांतल्या तशाच उपकरणांचे काय झाले याचे पुरावे मांडावे लागले. सवलतीचा कागद वाचताना म्हणूनच मी आधी एवढेच शोधतो की ओझे कुठे गेले. ते कुठेच गेले नसेल, नुसते नाहीसे झाले असेल, तर कागदात खोट आहे.

सवलती साचत गेल्या की एक दिवस नियमच बदलावा लागतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आयोगाने, ज्या नियमांनी सुरक्षिततेत फारशी भर पडत नाही असे नियम शोधण्याची मोहीम घेतली, आणि ‘परिशिष्ट जे’ त्यात आले. तोवर वीस वर्षांच्या चाचण्यांची नोंद जमली होती. तिने एक गोष्ट दाखवली. बहुतेक सगळ्या गळतीच्या वाटा, ९५ टक्क्यांहून जास्त, ‘बी’ आणि ‘सी’ चाचण्यांतच सापडत होत्या. अख्खे कवच फुगवणाऱ्या ‘ए’ चाचणीने नवे फार थोडे हाती लागत होते. शिवाय लोकांना होणारा धोका येतो तो मुख्यतः कवच फुटल्याने किंवा टाळले गेल्याने, ०.१ टक्क्याचे ०.२ झाल्याने नव्हे. १९९५ मध्ये नियमाला ‘पर्याय बी’ जोडला गेला. ज्या झडपेची वागणूक सलग चांगली आहे तिची चाचणी उशिरा, जी नापास होते तिची लवकर. ‘ए’ चाचणी दहा वर्षांतून तीनदा होत असे, ती दहा वर्षांतून एकदा झाली. पुढे हे अंतर पंधरा वर्षांपर्यंत वाढवण्याची मुभा मिळाली.

या बदलाच्या बाजूने बोलणारे एक उदाहरण मी मुद्दाम घेतले आहे. मिशिगनमधल्या पॅलिसेड्स केंद्रात १९७८ ते ७९ या काळात, सुमारे दीड वर्ष, कवचाच्या भिंतीतून जाणाऱ्या एका नळावरच्या दोन्ही झडपा उघड्याच राहिल्या होत्या. झडपा गळत नव्हत्या. त्या कोणी मिटल्याच नव्हत्या. गळतीची कितीही काटेकोर चाचणी ही चूक पकडू शकली नसती, कारण चाचणीच्या दिवशी झडपा मिटलेल्याच असतात. ती पकडण्यासाठी रोजची पाहणी आणि खोलीत फिरणारा माणूस लागतो.

याचा अर्थ गळतीच्या चाचण्या सोडून द्याव्यात असा कोणी घेऊ नये. काही झडपांच्या बाबतीत मी कसलीही ढिलाई मान्य करणार नाही. अणुभट्टीचा दीडशे वातावरणांच्या आसपासचा दाब एका बाजूला आणि कमी दाबासाठी बांधलेले नळ दुसऱ्या बाजूला, अशा सीमेवर उभ्या असलेल्या एकदिशा झडपा त्यांत पहिल्या. त्या हरल्या तर नळ कवचाच्या बाहेर फुटतो आणि अणुभट्टीतले पाणी व किरणोत्सार थेट बाहेरच्या इमारतीत येतो. कवच शाबूत असते आणि तरी काहीच कामाचे नसते. १९७५ च्या रासमुसेन अहवालाने व्हर्जिनियातील सरी केंद्राच्या अभ्यासात ही शक्यता धोक्याच्या मोठ्या वाटेकऱ्यांपैकी एक असल्याचे दाखवले. अनेक केंद्रांत या झडपा नेमाने तपासल्याच जात नव्हत्या. एप्रिल १९८१ मध्ये आयोगाने आदेश काढून त्यांची गळती-चाचणी सक्तीची केली. तिथल्या मर्यादा मिनिटाला एक ते पाच गॅलन अशा आहेत. ही गळती कुंपणापाशी उभ्या माणसाच्या गणितातून आलेली नाही. झडप धडधाकट आहे की नाही, हे तिच्या नाडीवरून ओळखण्याची ती खूण आहे.

सवलत न मागता घेतली गेली तर काय होते, हे थ्री माइल आयलंड केंद्रातल्या अपघाताने दाखवले. २८ मार्च १९७९ च्या पहाटे तिथल्या दुसऱ्या अणुभट्टीची दाब सोडणारी झडप उघडली आणि मिटलीच नाही. तिच्या बाहेरच्या नळाचे तापमान चढलेले होते. पण दाब सोडणाऱ्या झडपांतून कित्येक आठवडे गळती चालू असल्याने ते तापमान नेहमीच चढलेले असे. कर्मचाऱ्यांनी ते मनावर घेतले नाही. दोन तासांहून जास्त वेळ पाणी त्या वाटेने निघून गेले. लेखी सूचना तापमान ठराविक आकड्यावर गेले तर अलीकडची झडप मिटा असे सांगत होती. ती अपघाताआधीही पाळली गेली नव्हती. याच केंद्रात अपघातापूर्वी अणुभट्टीच्या पाण्याच्या गळतीचे हिशेब जमवून घेतले जात होते, हे पुढे खटल्यात उघड झाले. १९८४ मध्ये कंपनीने एक आरोप कबूल केला आणि सहा आरोपांना आव्हान दिले नाही. मिनिटाला एक गॅलनची मर्यादा पाळता येत नाही, असा अर्ज तिने नियामकाकडे केला असता तर कोणीतरी ‘का’ असे विचारले असते. इथे कोणी विचारलेच नाही.

नियामक स्वतः सोयीकडे झुकला तर काय होते, तेही नोंदलेले आहे. २००१ मध्ये ओकोनी केंद्रात नियंत्रण-दांड्यांच्या नळकांड्यांना तडे सापडल्यावर आयोगाने तशा केंद्रांना वर्षअखेरपर्यंत तपासणी करायला सांगितले. ओहायोतील डेव्हिस-बेसीने मुदत मागितली; बोलाचाली होऊन १६ फेब्रुवारी २००२ ही तारीख ठरली. मार्चमध्ये अणुभट्टीच्या पात्राचे झाकण तपासले तेव्हा सहा इंचांहून जाड पोलादात आम्लाने कोरलेली पोकळी आढळली. तिच्या तळाशी एक सेंटिमीटरही जाड नसलेला स्टेनलेस स्टीलचा थर तेवढा उरला होता. आयोगाच्याच महानिरीक्षकांनी डिसेंबर २००२ मध्ये लिहिले की या निर्णयामागे कंपनीवरचा आर्थिक भार हलका करण्याचा विचार बराच होता. औपचारिक सवलत ही नव्हती. तसा अर्ज, तसे निकष आणि तशी लेखी कारणे असती, तर ती मिळणे अवघड गेले असते असे मला वाटते.

हे सगळे मराठीत कशाला, असे काही मित्रांनी विचारले. पालघर जिल्ह्यातील तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्याच आहेत. जनरल इलेक्ट्रिकने उभारलेल्या, ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी वीज देऊ लागलेल्या, म्हणजे ‘परिशिष्ट जे’पेक्षाही जुन्या. अमेरिकेतला प्रत्येक सवलतीचा आदेश कारणांसकट राजपत्रात छापला जातो आणि कोणालाही वाचता येतो. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना नोव्हेंबर १९८३ मध्ये सरकारी आदेशाने झाली, आणि त्याच्या कायदेशीर स्वायत्ततेविषयी कॅगने २०१२ च्या अहवालात गंभीर आक्षेप नोंदवले. त्या वादात मी इथे शिरणार नाही. पण डहाणू-बोईसरच्या माणसाला ‘अमुक चाचणी पुढे ढकलली’ असे उद्या कळले, तर त्याने घाबरून जाऊ नये आणि गप्पही बसू नये. कोणत्या आधारावर ढकलली, तिच्याऐवजी काय केले आणि ओझे कुठे सरकवले, हे त्याला विचारता यावे, आणि आलेले उत्तर पारखताही यावे. यासाठी लागणारी माहिती त्याच्या भाषेत असायला हवी, असे मला मनापासून वाटते.

पुढच्या प्रकरणांत निवडक आदेशांचा सार कालक्रमाने दिला आहे. प्रत्येकाच्या शेवटी ती सवलत पुढे टिकली, नियमात विरघळली की मागे घेतली गेली, ते नोंदवले आहे. मूळ कागदांतले घनफूट, गॅलन आणि चौरस इंचाचे पौंड मजकुरात तसेच ठेवले असून शेजारी लिटर व किलोग्रॅम दिले आहेत. वेळ कमी असेल त्यांनी १९८१ च्या एकदिशा झडपांच्या आदेशापासून सुरुवात करावी, आणि मग १९९५ च्या बदलाकडे जावे.